चौदा नंबरचा मागचा ब्रेक

पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवारात सव्वीस मोटारसायकली होत्या आणि त्या रोज सकाळी तपासणाऱ्या माणसाला मोटारसायकल चालवता येत नव्हती. ही गोष्ट तो लपवत नसे. कुणी विचारलं तर “नाही येत” म्हणायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा. स्वतः तो बसने येई. बस चुकली तर चालत येई, आणि तरीही साडेसहाला आवारात असे.

कागदोपत्री तो वाहन तपासनीस. घरोघरी जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे टिपणारे मीटरवाले मात्र त्याला ‘उद्या’ म्हणत. गाडी नापास झाली की तो फक्त “ही उद्या” एवढंच बोलायचा, त्यावरून. “उद्या आलाय का आज?” हा विनोद आवारात दिवसातून एकदा तरी व्हायचा. असा तो वीस वर्षं होत होता. पहिल्या वर्षी तपासनीस हसलाही होता.

त्याआधी तो भांडारात सामान काढून द्यायचा. जुना तपासनीस निवृत्त झाला तेव्हा त्या जागेसाठी चौघांना बोलावलं. तिघांनी मोटारसायकलींबद्दल आपल्याला सगळं माहीत असल्याचं सांगितलं. हा म्हणाला, “मला काहीच माहीत नाही.” तेव्हाच्या अधिकाऱ्याने याला घेतलं. का घेतलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात त्या अधिकाऱ्याची बदली झाली. तपासनिसाने गाडीबरोबर आलेलं चौसष्ट पानांचं माहितीपुस्तक घरी नेलं आणि त्याची पारायणं केली. प्रत्येक चार पानांनंतर त्यात ‘रोज तपासा’ असं लिहिलेलं होतं. गाडी घेणारा प्रत्येक माणूस ते पुस्तक एकदा चाळतो आणि सीटखाली ठेवून देतो. ‘रोज’ हा शब्द कुणी शब्दशः घेईल असं लिहिणाऱ्यालाही वाटलं नसेल. तपासनिसाने घेतला.

चाकातली हवा तो अंगठ्याने दाबून बघत नसे, मापकाने मोजे. चेन बोटाने वरखाली करून बघे. दिवे, हॉर्न, आरशाचा स्क्रू. ब्रेक सगळ्यात शेवटी. फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्याला जरासा उतार होता. तिथे तो बंद गाडी हाताने धरून नऊ पावलं चालवत नेई आणि पुढचा ब्रेक दाबे. पुन्हा नऊ पावलं, मग मागचा. आणि मग मागच्या चाकाशी उकिडवा बसे, ते गुडघे कुरकुरेपर्यंत उठत नसे.

“अहो, गाडी आहे, गाय नाही,” मीटरवाल्यांतला सगळ्यात जुना, दोन नंबरवाला, ओरडायचा. “फिरवून काय बघताय? बावीस वर्षं चालवतोय मी. ब्रेक माझ्या पायाला कळतो.”

“पायालाच कळत नाही,” तपासनीस खालूनच म्हणायचा.

यापेक्षा जास्त तो समजावत नसे. पण त्याचं म्हणणं खरं होतं. ब्रेक रोज केसाएवढा झिजतो. पाय रोज केसाएवढा जास्त दाबतो. दोघांचं संगनमत असतं आणि मालकाला त्याची खबर नसते. वर्षभराने पेडल पार खाली जायला लागलेलं असतं आणि माणूस शपथेवर सांगतो की ब्रेक गाडी घेतली तेव्हा होता तसाच आहे. खोटं बोलत नसतो तो. हळूहळू गेलेली वस्तू गेल्यासारखी वाटतच नाही. म्हणून तपासनिसाने कुणाच्याच पायावर विश्वास ठेवला नाही. तो बाणावर विश्वास ठेवायचा.

मागच्या चाकाच्या मधोमध जो गोल ड्रम असतो त्याच्या बाहेर एक लोखंडी पट्टी असते. पेडल दाबलं की ती पट्टी फिरते, आणि आत ब्रेकचे लायनर, म्हणजे घासायचे जाड तुकडे, पसरून ड्रमला घासतात, चाक थांबतं. पट्टीवर एक बाण असतो, ड्रमवर एक खूण. लायनर नवे असतील तर पेडल दाबल्यावरही बाण खुणेपासून लांब राहतो. जसे झिजतील तसा जवळ येतो. खुणेला टेकला की लायनर संपले. त्यानंतरही गाडी थांबते, ही त्यातली वाईट गोष्ट. काही दिवस थांबत राहते. मग एखाद्या दिवशी थांबत नाही, नाहीतर चाक असं जाम होतं की माणूस आधी जातो आणि गाडी मागून येते.

तीन वर्षांपूर्वी नवे अधिकारी आले आणि त्यांनी हंगामी मीटरवाल्यांसाठी नियम केला. सलग एकशे ऐंशी कामाचे दिवस गाडी रस्त्यावर ठेवेल तो कायम होईल. एक दिवस जरी गाडी उभी राहिली, कारण काहीही असो, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. बाहेरचं सामान लावायला बंदी, दुसऱ्याची गाडी घ्यायला बंदी. कार्यालयाच्या भिंतीवर एक फलक लावला आणि प्रत्येक हंगामी माणसाच्या नंबरापुढे खडूने दिवस लिहायला सुरुवात झाली. नियम गाड्या नीट राहाव्यात म्हणून होता. त्यानंतर मीटरवाल्यांनी गाडीची तक्रार सांगणं बंद केलं.

चौदा नंबरवाला तपासनिसाचा जावई होता.

लग्न ठरलं तेव्हा तो शिंप्यांना दोरे पुरवायचा. मग हे काम मिळालं. सासऱ्याने त्यात काही केलं नाही. दोघांनाही ते लोकांना पटवून देता आलं नाही. आवारात सासरा त्याला “चौदा” म्हणायचा आणि तो सासऱ्याला “साहेब”. संध्याकाळी जिन्याची पहिली पायरी चढली की एक “जावईबापू” व्हायचा आणि दुसरा “बाबा”. खालच्या दोन खोल्यांत सासरा-सासू, वरच्या दोन खोल्यांत मुलगी आणि जावई. मुलीला सातवा महिना होता.

जावयाला दशमग्रह म्हणतात. हा ग्रह शांत होता. जेवताना बोलत नसे, वाढलेलं टाकत नसे, सासूच्या नळाचा वायसर न सांगता बदलत असे. आणि दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी त्याने सासऱ्याला विचारलं, “बाबा, तुम्ही चाकाशी बसून एवढं काय बघता नेमकं?”

वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चेष्टेने विचारला होता; खरं उत्तर हवं म्हणून नव्हता. तपासनिसाने पातेल्यावरचं झाकण घेतलं, तो ड्रम झाला. चमचा पट्टी झाला. अडीच तास तो बोलला. बायको दोनदा झाकण मागायला आली आणि परत गेली. “ऐकतोय ना कुणीतरी, बोलू दे,” असं ती स्वतःलाच म्हणाली. शेवटी शेवटी तपासनीस इतका रंगात आला की जे त्याने कधी कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगून बसला. पट्टी ज्या दांड्यावर बसते त्याला बारीक दाते असतात. कुणी पट्टी काढून एक दाता मागे बसवली तर बाण खुणेपासून लांब जातो. पेडलही नव्यासारखं लागतं. आत लायनर कागद झालेले असले तरी बाहेरून गाडी नवी.

“मग तुम्हाला कळणार कसं?” जावयाने विचारलं.

“नाही कळणार,” तपासनीस आनंदाने म्हणाला. “मीसुद्धा फसेन. पण असं करेल कोण? स्वतःच्याच पायावर धोंडा.”

फलकावर चौदापुढे तेव्हा एकशे पंचवीस होते.

पुढच्या महिन्यात भांडारातले लायनर संपले. चौदा नंबरचा बाण खुणेच्या जवळ यायला लागला होता. एक नखभर अंतर उरलं होतं. “लायनर आले की पहिले तुम्हाला, चौदा,” तपासनीस म्हणाला आणि सही केली, कारण अजून मापात होतं. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी तो चाकाशी बसला तर बाण खुणेपासून चांगला दोन बोटं लांब. बदलले वाटतं, बरं झालं, असं त्याच्या मनात आलं. त्याने सही केली. मंगळवारी केली. बुधवारी केली.

गुरुवारी सकाळी गाड्या गेल्यावर तो भांडारात चहाला बसला होता. भांडारवाला वैतागला होता. “तीन आठवडे झाले, एक लायनर नाही. पुढच्या बुधवारी येतील म्हणे. मागचाही बुधवारच होता.”

“एकही दिला नाहीस?”

“असता तर दिला असता. मी काय घरी नेऊन तळतोय?”

तपासनिसाने कप खाली ठेवला. ब्रेक झिजतो, तुटतो, गंजतो, तेलकट होतो. वीस वर्षांत एकही ब्रेक आपोआप बरा झालेला त्याने पाहिला नव्हता. तो फाटकापर्यंत गेला. चौदा नंबर कधीच गेली होती. त्या दिवशी तिच्या वाटेला वरची वस्ती होती, जिथून खाली यायला एकच रस्ता आणि तो सगळा उताराचा.

मग त्याने दिवसभर काय केलं तर काही नाही. त्याच्याकडे जावयाचा फोन नंबर होता. लावला, उचलला गेला नाही, कारण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हे त्यानेच जावयाला बजावलं होतं. तो फाटकाजवळच्या बाकावर बसला. दुपारी डबा उघडला आणि परत लावला. रस्त्यावरून मोटारसायकली जात होत्या, शेकडो, कुणीही न तपासलेल्या, आणि सगळ्या थांबायच्या तिथे थांबत होत्या. हे त्याला त्या दिवशी फार विचित्र वाटलं. जग असंच चाललेलं असतं, केसाकेसाने झिजत, आणि थांबायचं तिथे थांबत. मग आपण वीस वर्षं इथे उकिडवे का बसलो, असंही वाटलं. या प्रश्नाला उत्तर सापडायच्या आत पाच वाजले आणि चौदा नंबर फाटकातून आत आली.

“चौदा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या.”

“सकाळी पास केलीत, साहेब.”

“घ्या.”

जावयाने गाडी स्टँडवर घेतली. तपासनीस खाली बसला. पट्टीच्या बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे होते. सोमवारीही असणार. सोमवारी त्याने बाण बघितला होता, बोल्ट नव्हता बघितला.

“एक दाता?”

जावयाने हेल्मेटचा पट्टा सोडला. “एकच,” मग म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतं.”

“असं कुणी करू नये म्हणून सांगितलं होतं.”

“तेही सांगितलं होतं.”

“ही गाडी उद्या नाही जाणार.”

“बाबा, आज एकशे चौऱ्याहत्तर झाले.”

“इथे बाबा नाही.”

“साहेब, आज एकशे चौऱ्याहत्तर झाले. सहा राहिले. सहा दिवस मी पहिल्या गियरवर चालवतो. चालतच जातो म्हणा ना गाडी घेऊन.”

“मग चालतच जा. गाडी राहू दे.”

परतीची बस दोघांची एकच. त्यातल्या त्यात लांब बसावं असं दोघांनाही वाटत होतं, पण रिकामी जागा एकाच बाकावर होती. जावयाने सवयीने सासऱ्याचं तिकीट काढलं. सासऱ्याने सवयीने खिडकी त्याला दिली. बाराव्या थांब्यावर दोघे उतरले.

घरात सांगावं लागलं नाही. बायकोने दोघांची तोंडं पाहिली आणि पोळ्यांचं पीठ झाकून ठेवलं. जरा वेळाने मुलगी वरून खाली आली, कठडा धरून, एकेक पायरी.

“बाबा, यांची गाडी उभी करणार तुम्ही?”

“लायनर संपलेत.”

“सहा दिवस, बाबा. सव्विसावा दिवस असता तर मी आले नसते खाली.” ती स्टुलावर बसली. “तुम्हीच म्हणता ना, ब्रेक एकदम जात नाही. हळूहळू जातो.”

“हो.”

“मग तीन आठवडे टिकला तो सहा दिवस नाही टिकणार?”

तपासनिसाने विचार केला. तो खोटं बोलू शकला असता. “टिकेलही,” तो म्हणाला.

“टिकेल ना?”

“बहुतेक टिकेल.”

“मग?”

“मग काय? बहुतेक.”

बायको मधे पडली. “अहो, आपलेच दात, आपलेच ओठ. पोरीकडे बघा जरा. त्या बाळाला बाप कायम नोकरीतला नको का?”

“बाप हवा,” तपासनीस म्हणाला.

मुलगी उठली आणि कठडा धरून एकेक पायरी वर गेली. जावई तिच्या मागे, पडली तर धरायला दोन पायऱ्या खाली, हात न लावता.

सकाळी तपासनिसाने चाक उतरवलं. लायनर काढून हातात घेतले. एका बाजूला अजून थोडी जाडी होती, दुसऱ्या बाजूला पत्रा दिसत होता. ड्रमच्या आत बोट फिरवलं तर एक खाच लागली. ती आधी नव्हती. सगळे मीटरवाले गोल करून उभे होते. दोन नंबरवाल्याने लायनर बघितले, जावयाकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं. नंतर तो आपल्या गाडीच्या मागच्या चाकाशी जाऊन उकिडवा बसलेला दिसला. त्याला काय बघायचं ते माहीत नव्हतं, पण बसला.

अधिकाऱ्यांनी आत बोलावलं.

“काल पास होती ना ही?”

“हो.”

“मग आज नापास कशी? एका रात्रीत लायनर संपले?”

“सोमवारीच संपले होते. माझ्या लक्षात आलं नाही.”

“असं लिहू नका,” अधिकारी म्हणाले. “तपासनिसाच्या लक्षात आलं नाही असं लिहिलं तर वर काय दिसेल?”

तपासनिसाने तसंच लिहिलं. ‘लायनर संपलेले. तपासनिसाच्या उशिरा लक्षात आले.’ दात्याबद्दल लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जावयाचा नंबर फलकावरून पुसला गेला असता, नुसते दिवस नव्हेत. लिहिलेलं खरं होतं. खरं ते सगळं मात्र त्यात नव्हतं. वीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच काहीतरी मुद्दाम गाळलं होतं, आणि सही करताना त्याचा हात रोजच्यासारखाच चालला.

फलकावर चौदापुढचा आकडा ओल्या फडक्याने पुसून शून्य लिहिलं गेलं. आकडे टिपायचं काम थांबणार नव्हतं, फक्त दिवस मोजला जाणार नव्हता. म्हणून जावई पाठीला पिशवी अडकवून पायी निघाला. तपासनिसाने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. इतक्या वर्षांत त्याने असं कधी मागितलं नव्हतं, त्यामुळे अर्जाचा नमुना सापडायला वेळ लागला. फाटकाबाहेर, रस्त्यावर बरंच पुढे जाऊन त्याने जावयाला गाठलं.

“तुम्ही कशाला?” जावई म्हणाला.

“एकट्याने किती दारं ठोठावणार?”

वरच्या वस्तीला पोचायला पाऊण तास लागला. तिथली उरलेली घरं वरून खाली घ्यायची असा क्रम होता. जावई दार वाजवायचा, मीटरचं झाकण उघडायचा, आकडा लिहायचा. सासरा पुढच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. सतराव्या घरानंतर रस्ता एकदम उतरत गेला. गाड्यांनी गुळगुळीत केलेला, मधोमध काळा पट्टा असलेला उतार. जावई तिथे थांबला.

“इथे मी पहिला गियर टाकतो,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

जावयाने आठवलं. “तीन आठवडे झाले असतील. आधी नव्हतो टाकत.”

“का टाकायला लागलात?”

“माहीत नाही. टाकला जातो.”

तपासनीस उताराकडे बघत राहिला. खाली रस्ता काटकोनात वळत होता आणि वळणाच्या बरोबर समोर एका शिंप्याचं दुकान होतं. शिंपी पायरीवर उन्हाला पाठ करून काजं करत बसला होता. पाय रस्त्यात पसरलेले.

दोघे उतरले. शिंप्याने मान वर केली. जावई पूर्वी त्याला दोरे द्यायचा, त्यामुळे ओळख होती.

“आज पायी? गाडी कुठाय?”

“उभी केली.”

“कुणी?”

जावयाने मानेने दाखवलं. “यांनी.”

“हे साहेब का तुमचे?”

जावयाने पाठीवरची पिशवी सावरली. “सासरे,” म्हणाला.

शिंप्याने तपासनिसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, माप घेतल्यासारखं. “जावयाची गाडी सासऱ्याने उभी केली?”

“ब्रेक गेला होता,” तपासनीस म्हणाला.

“मग बरोबर आहे,” शिंपी म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. “परक्याला काय पडलंय.”

मीटर दुकानाच्या आत, कापडाच्या तागांमागे होता. तिथे एकाच माणसाला वाकता येत होतं. जावयाने पिशवीतून वही काढली, जरा घुटमळला, आणि ती सासऱ्याच्या हातात दिली. मग तो तागांमागे शिरला.

“आकडा सांगतो, बाबा. लिहा.”

तपासनिसाने लिहून घेतला. त्या दिवशी एकूण एकशे बारा मीटर टिपायचे होते, हा अठरावा.